प्रकाशापेक्षा किडा बरा

देवाला 'प्रकाश' म्हणावं की 'किडा'? साधारण पंधराशे वर्षांपूर्वी, बहुधा सीरियात राहून ग्रीकमध्ये लिहिणाऱ्या एका ख्रिस्ती लेखकाने हा प्रश्न घेतला आणि सरळ किड्याच्या बाजूने कौल दिला. थट्टा म्हणून नव्हे. त्याचं म्हणणं असं: देवाला प्रकाश म्हटलं, तेजस्वी राजा म्हटलं, की ऐकणाऱ्याला वाटतं, हं, असाच असणार तो, सोन्यासारखा लखलखणारा कुणीतरी. शब्द इतका शोभून दिसतो की तो तोकडा आहे हे ध्यानातच येत नाही. किड्याचं तसं नाही. बायबलच्या 22व्या स्तोत्रात 'मी माणूस नाही, किडा आहे' अशा अर्थाची ओळ आहे आणि चर्चने ते स्तोत्र फार पूर्वीपासून ख्रिस्ताच्या तोंडचं मानलं. आता देव खरोखरच किडा आहे असं कितीही भोळ्या माणसाला वाटणार नाही. म्हणजे हे नाव फसवत नाही. ते ऐकताच मन अडखळतं आणि एवढ्यावर थांबून चालणार नाही हे त्याला कळतं.

ख्रिस्ती विचारातल्या ज्या धारेला 'अपोफॅटिक' म्हणतात, तिच्यात शिरायला मला हे दार सगळ्यात सोयीचं वाटतं. ग्रीकमध्ये 'अपोफासिस' म्हणजे नाकारणं, 'नाही' म्हणणं. उलट 'कॅटाफासिस' म्हणजे होकार देणं, देव चांगला आहे, शहाणा आहे, बाप आहे असं म्हणणं. आपण त्यांना नकारमार्ग आणि होकारमार्ग म्हणू.

इथवर वाचून बऱ्याच जणांच्या ओठांवर 'नेति नेति' आलं असेल. साहजिकच आहे. पण 'म्हणजे आपलंच ते' म्हणून पान उलटण्याची घाई नको. बृहदारण्यकातला नकार ज्या ब्रह्माकडे नेतो, ते शेवटी साधकाचं स्वतःचं स्वरूप आहे, निदान अद्वैती वाचनात तरी. ख्रिस्ती नकारात निर्माता आणि निर्मिती यांच्यातली दरी बुजत नाही. शिवाय नकार देणारा हा माणूस त्याच आठवड्यात चर्चमध्ये उभा राहून येशू नावाच्या हाडामांसाच्या माणसाला देव म्हणतो. हा ताण उपनिषदात नाही. आणि हा नकार ज्या भांडणातून पुढे आला, ते भांडणही वेगळं होतं.

चौथ्या शतकातलं कॉन्स्टँटिनोपल. देव पिता आणि देव पुत्र (म्हणजे येशू) यांचं नातं काय, यावर सगळं शहर हमरीतुमरीवर आलेलं. नीसाचा बिशप ग्रेगरी वैतागून सांगतो: सुटे पैसे मागावेत, तर दुकानदार 'जन्मलेला' आणि 'न जन्मलेला' यावर प्रवचन झोडतो. पावाचा भाव विचारावा, तर उत्तर मिळतं, पिता मोठा, पुत्र धाकटा. हमामात पाणी तापलं का विचारावं, तर तिथला नोकर म्हणतो, पुत्र शून्यातून घडवला गेला. निवडणुकीच्या दिवसांतला आपला चहाचा ठेला आठवा, फक्त विषय देवाचा.

या गदारोळातला सर्वांत हुशार वकील होता युनोमियस. देवाचं सार एका शब्दात सांगता येतं, असा त्याचा दावा होता, आणि तो शब्द म्हणजे 'अजन्मा'. एकदा ही व्याख्या हातात आली की पुढचं सगळं गणित: पुत्र जन्मलेला, म्हणून तो त्या साराचा नाही. देवाला स्वतःबद्दल जेवढं कळतं तेवढंच आपल्यालाही कळतं, असंही वाक्य त्याच्या विरोधकांनी त्याच्या नावावर लावलं आहे.

इथे जरा थांबू, कारण गंमत इथेच आहे. 'अजन्मा' हा शब्द स्वतःच नकारी आहे. युनोमियस देवाला सिंहासनावरचा दाढीवाला म्हातारा म्हणत नव्हता, अगदी सोवळा, अमूर्त, 'अ' लावलेला शब्द वापरत होता. तरीही ग्रेगरीला त्यात मूर्तिपूजा दिसली. बायबलातल्या मोशे या संदेष्ट्याच्या चरित्रावर लिहिताना ग्रेगरी म्हणतो की देवाला पकडू पाहणारी बुद्धीने घडवलेली प्रत्येक कल्पना ही देवाची मूर्तीच. लाकडाची नसेल, शब्दाची असेल.

हे आपल्याकडच्या वाचकाने स्वतःवर लावून पाहावं. अनंत, निराकार, अव्यक्त हे शब्द आपण किती सहज वापरतो आणि वापरले की किती निर्धास्त होतो! पण 'निराकार' म्हटल्यावर डोळ्यांपुढे काय येतं? माझ्या तरी एक करडं धुकं येतं. त्या धुक्यालाही आकार आहेच की.

ग्रेगरीने मोशेच्या गोष्टीत तीन टप्पे पाहिले. आधी जळणारं झुडूप, म्हणजे उजेड. मग ढग. आणि शेवटी सीनाय पर्वतावरचा दाट अंधार. बायबलच्या 'निर्गम' पुस्तकाच्या 20व्या अध्यायात, जिथे देव होता त्या अंधाराजवळ मोशे गेला, असं लिहिलं आहे. आपली सवय उलट्या प्रवासाची: अंधारातून उजेडाकडे. ग्रेगरी म्हणतो, आधी अज्ञानाचा अंधार जातो हे खरं, पण पुढे गेलं की जो अंधार लागतो तो अज्ञानाचा नव्हे. डोळे मिटल्यामुळे काही न दिसणं वेगळं आणि समोरचं डोळ्यांत मावत नाही म्हणून न दिसणं वेगळं.

आता किड्यावाल्या लेखकाकडे वळू. त्याने आपलं नाव डायोनिसियस सांगितलं. बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात येशूचा प्रेषित पौल अथेन्सला अरीयपगा टेकडीवर भाषण करतो तेव्हा ज्या मोजक्यांनी विश्वास ठेवला, त्यांत हे नाव येतं. मराठी बायबलात त्याला 'अरीयपगकर' म्हटलंय. सातारकर, पंढरपूरकर यांच्या ओळीत चपखल बसावा असा. पण हा लेखक तो नव्हे. 532 साली कॉन्स्टँटिनोपलच्या एका वादात ही पुस्तकं पुराव्यादाखल पुढे आली, तेव्हाच एफेससच्या बिशपाने शंका काढली होती: पहिल्या शतकातली असतील, तर आजवर कोणीच यांचा उल्लेख कसा केला नाही? तरी पुढची हजारभर वर्षं बहुतेकांनी त्याला पौलाचा शिष्यच मानलं. 1895 मध्ये दोन जर्मनभाषक अभ्यासकांनी स्वतंत्रपणे दाखवलं की त्याचे काही परिच्छेद 485 साली वारलेल्या प्रोक्लस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या लिखाणावर बेतलेले आहेत. तेव्हापासून तो 'छद्म-डायोनिसियस'. मला हे नाव जरा कोतं वाटतं. शब्दांच्या मागे देव लपतो असं सांगणाऱ्या माणसाने स्वतःही एका नावामागे लपावं, यात लबाडीइतकीच शिस्तही असू शकते.

त्याची युक्ती समजायला 'नाही'चे दोन प्रकार वेगळे करायला हवेत. 'माझे आजोबा पाहू शकत नाहीत' आणि 'भिंत पाहू शकत नाही'. पहिल्या वाक्यात कमतरता आहे, म्हणून आपण 'आंधळे' म्हणतो. भिंतीला कोणी आंधळी म्हणत नाही. पाहणं आणि न पाहणं हा हिशेबच तिला लागू नाही. भिंत त्या हिशेबाच्या खाली आहे. डायोनिसियस म्हणतो, देव त्याच हिशेबाच्या वर आहे. म्हणून 'देव चांगला नाही' या वाक्याचा अर्थ देव वाईट आहे असा होत नाही. चांगलं-वाईट मोजायची आपली फूटपट्टी तिथे पोचत नाही, एवढाच होतो.

म्हणजे पायऱ्या अशा: देव चांगला आहे. देव (आपण म्हणतो तसा) चांगला नाही. आणि मग, देव 'चांगला नाही' असंही नाही. तिसरी पायरी विसरली की नकारमार्ग म्हणजे नुसती नकारांची यादी होते आणि युनोमियसच्या 'अजन्मा'सारखा नकारच सिंहासनावर जाऊन बसतो.

'गूढ ईश्वरज्ञान' या त्याच्या पुस्तिकेचे अवघे पाच छोटे अध्याय आहेत. त्यात तो मूर्तिकाराचं उदाहरण देतो. चिकणमाती थापून मूर्ती घडते तशी नव्हे. दगडातून जास्तीचं काढत गेलं की आत दडलेलं रूप दिसतं, तशी. पाचव्या अध्यायात तो काढतच सुटतो: देव आत्मा नाही, बुद्धी नाही, संख्या नाही, क्रम नाही, स्थिर नाही, चल नाही, अंधार नाही, प्रकाश नाही, चूक नाही, सत्य नाही. दगडाच्या कपच्या उडाव्यात तशी वाक्यं. आणि शेवटी म्हणतो की तो सगळ्या होकारांपलीकडे आहे आणि सगळ्या नकारांपलीकडेही.

पूर्वेकडच्या चर्चमध्ये हा विचार प्रार्थनेशी बांधला गेला. चौदाव्या शतकात ग्रेगरी पालामास या भिक्षूने देवाचं सार आणि त्याच्या शक्ती यांत भेद केला: सार कधीच कळत नाही, शक्तींचा अनुभव मात्र खरा असतो. पश्चिमेकडे ही पुस्तकं पोचली राजकीय नजराणा म्हणून. 827 साली बायझंटाइन सम्राटाने फ्रँक राजा लुईला एक ग्रीक हस्तलिखित पाठवलं. त्याच शतकात आयर्लंडच्या एरियुगेनाने त्याचं लॅटिन केलं आणि मग युरोपभर त्याचा वाचक तयार झाला.

तेराव्या शतकातला धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस त्यांतला सर्वांत मोठा. त्याच्याबद्दलची एक गोष्ट फार सांगितली जाते: 6 डिसेंबर 1273 ला प्रार्थनेत त्याला काहीतरी झालं आणि त्याने लेखणी खाली ठेवली, आजवर लिहिलेलं सगळं आता कडब्यासारखं वाटतं, असं तो सहकाऱ्याला म्हणाला. ही गोष्ट बहुधा 'शेवटी बुद्धी हरली' अशा थाटात सांगतात. ते मला पटत नाही. आपल्या ग्रंथराजाच्या अगदी सुरुवातीच्या प्रश्नांतच त्याने लिहून ठेवलं होतं की देव काय आहे हे आपल्याला कळू शकत नाही, काय नाही एवढंच कळतं. हे मान्य करून तो पुढची हजारो पानं लिहीत राहिला. पानं व्यर्थ होती असं नव्हे. पानं म्हणजे देव नव्हे, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं.

माइस्टर एकहार्टच्या हाती मात्र नकार धारदार झाला. हा जर्मन डॉमिनिकन मठवासी पॅरिसला प्राध्यापक होता, पण त्याचं खरं काम म्हणजे साध्या जर्मनमधली प्रवचनं. एका प्रवचनात तो म्हणतो, मला देवापासून सोडव अशी मी देवाला प्रार्थना करतो. पहिला 'देव' आपल्या गरजांनी घडवलेला. दुसरा, ज्याला आपण हाक मारतो तो. गाय दुधासाठी आणि चीजसाठी आवडते तसा देव काहींना आवडतो, असंही त्याने एका ठिकाणी सुनावलं आहे. प्रकरण चौकशीपर्यंत गेलं. 27 मार्च 1329 रोजी पोप बाविसाव्या जॉनने त्याची 28 वाक्यं पाखंडी किंवा संशयास्पद ठरवली, पण तोवर एकहार्ट वारला होता. त्याआधी 1310 मध्ये पॅरिसच्या चौकात मार्गरीत पोरेत या बाईला तिच्या पुस्तकातल्या याच वाटेवरच्या विचारासाठी संपवलं होतं. ती जिवंत जाळली गेली. 'देव शब्दांत मावत नाही' हे वाक्य ऐकायला निरुपद्रवी वाटतं. पण शब्दांचे अधिकृत राखणदार असतात, आणि त्यांना ते तसं वाटत नाही.

मग या सगळ्याचं करायचं काय, रोज सकाळी उठून? चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका इंग्रज लेखकाने, आपलं नाव न सांगता, एका तरुण साधकासाठी याचं पुस्तक लिहिलं. त्याची कल्पना अशी की तुझ्या आणि देवाच्या मध्ये न-कळण्याचा एक ढग आहे, तो जाणार नाही. तुझ्या आणि बाकी सगळ्याच्या मध्ये विसरण्याचा दुसरा ढग घाल. आणि मधल्या जागेत बस. विचार येतील; त्यांच्याशी झटापट करू नकोस, त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पाहा. हाताशी एकच शब्द ठेव, छोटा, एका उच्चाराचा. का छोटा? घराला आग लागली की माणूस वाक्य बनवत बसत नाही, 'फायर!' एवढंच ओरडतो. हा शब्द आतून तसा निघाला पाहिजे. मराठीत हे जास्तच जुळतं: 'आग' आणि 'देव' दोन्ही लिहायला दोन अक्षरं, ओरडायला एकच उच्चार. देवाला प्रेमाने धरता येतं, विचाराने कधीच नाही, असं हा लेखक सांगतो. डायोनिसियसच्या कोरड्या पाच अध्यायांचं इंग्रजी रूपांतरही त्याच्याच नावावर आहे, पण ढगात त्याने जी ऊब भरली ती त्याची स्वतःची.

माझा सगळ्यात आवडता प्रयोग मात्र 1453 मधला. बव्हेरियातल्या टेगर्नझे मठातल्या भिक्षूंनी निकोलस ऑफ कुसा या कार्डिनलला या गूढ ज्ञानाबद्दल विचारलं होतं. त्याने एक पुस्तक पाठवलं आणि सोबत एक चित्र. चित्रात एक चेहरा, ज्याचे डोळे सगळीकडे पाहतात. जुन्या वाड्यात दिवाणखान्यात हार घातलेला पणजोबांचा फोटो असतो ना, कुठेही गेलं तरी आपल्याकडेच बघणारा, तसा.

सूचना स्पष्ट होत्या. चित्र भिंतीला टांगा, उत्तरेच्या भिंतीला म्हणा. त्याच्यापासून थोड्या, सारख्या अंतरावर सगळे उभे राहा. प्रत्येकाला वाटेल, हा फक्त माझ्याकडे पाहतोय. आता एकाने नजर न हलवता पूर्वेकडून पश्चिमेला चालत जावं. नजर त्याच्याबरोबर चालेल. दुसऱ्याने त्याच वेळी पश्चिमेकडून पूर्वेला यावं. वाटेत भेटल्यावर पहिल्याने विचारावं, तुझ्याबरोबरही चालली का? तो म्हणेल, हो, उलट दिशेने. पहिल्याला हे डोळ्यांनी कधीच दिसणार नाही. सोबत्याच्या शब्दावर विश्वास ठेवला तरच कळेल.

आता सांगा, ती नजर हलते की हलत नाही? हलते म्हणावं, तर चित्र खिळ्याला टांगलेलं आहे. हलत नाही म्हणावं, तर ती दोन विरुद्ध दिशांना एकाच वेळी गेली. कुसा म्हणतो, उलटसुलट गोष्टी जिथे एक होतात ती एक तटबंदी आहे, आणि देव तिच्याही पलीकडे राहतो. डायोनिसियसने पानभर नकारांनी जे केलं, ते याने एक खिळा आणि दोन भिक्षू घेऊन केलं. त्याच पुस्तकात तो जाता जाता म्हणून जातो की सिंहाने देवाचा चेहरा कल्पिला तर तो सिंहाचा होईल आणि बैलाने कल्पिला तर बैलाचा.

यावर सर्वांत बोचरा आक्षेप अठराव्या शतकातल्या डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाचा. 1779 मध्ये छापल्या गेलेल्या त्याच्या संवादांत क्लिअँथिस नावाचं पात्र विचारतं: देव पूर्णपणे अगम्य आहे म्हणणारे तुम्ही गूढवादी आणि जगाचं कारण अज्ञात आहे म्हणणारा नास्तिक, यांत फरक काय? प्रश्न रास्त आहे, आणि नुसती वाक्यं शेजारी शेजारी ठेवली तर फरक खरंच सापडत नाही. फरक व्याकरणात आहे असं मला वाटतं. नास्तिक 'तो'बद्दल बोलतो, तृतीय पुरुषात. डायोनिसियसची पुस्तिका उघडते तीच मुळी संबोधनाने: हे त्रैक्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एक देव), मला ने. सगळे नकार त्या हाकेनंतर येतात. ज्याच्याबद्दल काहीच धड सांगता येत नाही, त्याला हाक मात्र मारता येते, हा या लोकांचा दावा. तो खोटा असू शकतो, पण नास्तिकाचा दावा नक्कीच तो नाही.

आपल्या भाषेतलं ख्रिस्ती काव्यही हाकेनेच सुरू झालं. गोव्यात राहिलेल्या इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं. विश्वभरिता, सर्वसमर्था, सत्यवंता अशी संबोधनं लावत तो सुरुवात करतो. हा भरभरून होकारमार्ग, सुमारे 11 हजार ओव्यांचा. डायोनिसियसला तो परका वाटला नसता. त्याने स्वतः देवाच्या नावांवर तेरा अध्यायांचा ग्रंथ लिहिला होता आणि वर जावं तसे शब्द आखूड होत जातात असं कारण देऊन गूढ ज्ञानाला पाचच अध्याय ठेवले होते.

त्या पाचांनंतर त्याने गप्प बसावं अशी आपली अपेक्षा. पण त्याच्या नावावरच्या संग्रहात पुढे दहा पत्रं येतात. त्यांतलं आठवं डेमोफिलस नावाच्या एका भिक्षूला आहे. एक पापी माणूस पश्चात्ताप करत धर्मगुरूच्या पायांशी पडला होता. या भिक्षूने त्याला लाथा घातल्या, धर्मगुरूलाही हाकललं आणि वर पत्र लिहून तसं अभिमानाने कळवलं. देव सगळ्या नकारांपलीकडे आहे असं लिहिणारा लेखक इथे या माणसाला, चांगलं लांबलचक, झापतो.